बसूचा डावा घोटा

बसू, तुझा डावा पाय मीच दुमडला.

मठाचे स्वामी म्हणाले, अंग आखडायच्या आत मांडी घाला, नाहीतर समाधीच्या खड्ड्यात बसवायला अवघड जाईल. सगळे एकमेकांकडं बघायला लागले आणि मग माझ्याकडं. हाडाचं काम म्हटलं की गावात अजून लोक माझ्याकडंच बघतात, मी ते सोडून पाच वर्षं झाली तरी. उजवा पाय सहज आला. डावा मी घोट्यात धरला. अंगठा आपसूक त्या जागेवर गेला जिथं तुझं हाड मोडलं होतं. जोड सापडला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा उंचवटा, बाकी सगळं सरळ. असा जोड मी जन्मात दुसरा बसवला नाही. बायका रडत होत्या, तुझी आई भिंतीला डोकं लावून बसली होती, आणि मी मनात म्हणत होतो, जोड चांगला आलाय.

त्याला आज बारा दिवस झाले. मला रडू आलेलं नाही. जेवतो, बैलांना पाणी दाखवतो, झोप लागते. काल शेजारच्या म्हातारीनं विचारलं, भाकरीला मीठ लागलंय का. मला सांगता आलं नाही.

लोहाऱ्याच्या वाचनालयाचे मास्तर येऊन गेले. ते हातानं लिहून अंक काढतात, त्यात तुझ्यावर दोन पानं पाहिजेत म्हणाले. कुठल्या साली कुठला कप, किती गोल, कुठल्या शहरात, ते सगळं मांडा म्हणाले. मी म्हणालो, "मास्तर, मला त्यातलं कायबी ठाऊक न्हाई. मला त्याचा पाय ठाऊक हाय." ते म्हणाले, मग पायाचं लिहा. माझी शाळा मठातली, दुसऱ्या बुकापर्यंतची. काना-मात्रा चुकायचा. पण हे मी तुलाच लिहितोय. मास्तरांना वाचायचं तर वाचू देत.

तुझा बाप गेला तेव्हा तू चार वर्षांचा. तुमचं गाव शिवेपलीकडचं. गंगा, म्हणजे तुझी आई, माझी धाकटी बहीण, ती आपल्या सासरच्या रानावर राहिली आणि तू आमच्या घरात. आम्हाला लेकरू नव्हतं. तुझ्या मामीनं तुला विचारलंसुद्धा नाही, ताट वाढलं आणि बस म्हणाली. तू डावरा. जेवताना ती तुझ्या डाव्या हाताला चिंधी बांधायची, उजव्यानं खा म्हणून. तू उजव्यानं जेवायला शिकलास, बाकी सगळं डाव्यानं. दगड डाव्यानं, विळा डाव्यानं, आणि लाथ डाव्या पायानं. आमच्या काळ्या गाईला विचारावं, तिला माहीत होतं.

चेंडू तुला लोहाऱ्याच्या शाळेत भेटला. हैदराबादेहून एक ड्रिलमास्तर आला होता, त्यानं कातड्याचा फुटबॉल आणलेला. सगळी शाळा उर्दूत, तुला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण चेंडूचं सगळं कळायचं. पहिल्या दिवशी घरी आलास तो अंगठ्याचं नख उलटं घेऊन. मामीनं मला शिव्या दिल्या, जशी काय लाथ मीच मारली. मी नखाला हळद लावली आणि घोट्याला पट्टी बांधायला शिकवली. अनवाणीच खेळायचे सगळे, पायात फक्त पट्टी. मी सांगितलं होतं, पट्टी टाचेखालून घ्यायची, आठाच्या आकड्यासारखी फिरवायची आणि गाठ चपटी मारायची, रुतायला नको. माझ्या गाठीचं टोक खाली टाचेकडं पडतं. तू डावरा, तुझं वर गुडघ्याकडं जायचं. मी दहादा सोडून दाखवलं. शेवटी म्हणालो, पडू दे उलटी, सुटली न्हाई म्हंजी झालं.

सुटली नाही कधी.

हैदराबादच्या एका कापडगिरणीनं तुला नेलं तेव्हा तुला मिसरूड फुटत होतं. गिरणीच्या हजेरीत नाव, पण काम चेंडूचं. गावात मला लोक विचारायचे, भाचा काय करतो. मी सांगायचो, चेंडू मारतो, त्याचा पगार मिळतो. कुणाला पटायचं नाही. बाजारात शिवप्पा म्हणाला होता, "लाथा मारायचा पगार मिळतो म्हना की. मग आमच्या म्हशीला लावून द्या नोकरीला, ती तर दोन्ही पायांनी मारती." हे मी तुला सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की पाण्याचा ठसका लागला. पुढच्या खेपेला तू शिवप्पाच्या म्हशीला भेटायला गेलास, तिच्या पाठीवर थाप मारलीस आणि त्याला म्हणालास, जागा भरली काका, पुढच्या साली बघू.

तुझी जागा सगळ्यात पुढं, मधोमध. सेंटर फॉरवर्ड. गोल करायचं काम तुझ्यावर. हे मला कळलं. मला जे कधीच कळलं नाही ते ऑफसाइड. तू सुट्टीला आलास की आपलं भांडण त्याच्यावरनंच. मी म्हणायचो, तुला पुढं उभं राहायलाच ठेवलाय, मग पुढं उभं राहिलास म्हणून शिट्टी का वाजवतात? हा कसला कायदा? तू ओसरीवर हरभरे मांडायचास. हा मी, हे त्यांचे दोघं, हा त्यांचा गोल राखणारा. चेंडू सुटायच्या आधी मी यांच्या पुढं गेलो की कसूर माझा. मी म्हणायचो, चपळ असणं हा कसूर कसा? तू म्हणायचास, "चपळाईचं न्हाई मामा, चेंडू येस्तवर मागं थांबायचं असतंय. थांबायला येत न्हाई त्याला गोल येत न्हाई." मामी येऊन हरभरे गोळा करायची, उसळ करायची आहे म्हणून. वाद तसाच राहायचा.

एकदाच मी आणि तुझी मामी हैदराबादला आलो, उमरग्याहून मोटारीनं. दोन दिवस अंग हलत होतं. मैदानाला बांबूचं कुंपण, माणसं झाडावर, भिंतीवर. तिथं तुला बसू कुणी म्हणत नव्हतं. "उलटे पाँव, मार उलटे पाँव," असं ओरडत होते. मामीला आधी राग आला, नाव ठेवतात म्हणून. मग कळलं की उलटा म्हणजे डावा, कौतुक आहे, तशी तीही हळूच म्हणायला लागली. शेजारच्या बाईला तिनं विचारलं, एक गोल झाला की घरी सोडतात का? कुणी तुझ्या अंगावर धावून आला की ती पदरानं डोळे झाकायची आणि मला विचारायची, हाय का पोरगं उभं?

तू गोल केलास तो सगळ्यांनी बघितला. मी नाही बघितला. चेंडू उजवीकडून आला, तू थांबलास, दुसरे धावले तरी तू थांबलास, आणि मग एकदम गेलास, एवढं मला दिसलं. मैदानात बावीस माणसं होती, मी एक घोटा बघत होतो. तो कसा वळतो, किती भार घेतो, पट्टी ढिली झाली का. लोकांनी टोप्या उडवल्या तेव्हा मी मामीला विचारलं, काय झालं? ती आठवण काढून वर्षभर मला चिडवत होती.

आता मोडल्याचं लिहितो. त्याशिवाय पुढचं लिहिता यायचं नाही.

आधी आपलं दुसरं भांडण. मी म्हणायचो, बूट घाल. पलटणीतले गोरे बूट घालून खेळतात, त्यांचा एक पाय बसला तर तुझं हाड काचेसारखं जाईल. तू म्हणायचास, बूट घातला की चेंडू बहिरा होतो, माझं ऐकत न्हाई. मी म्हणायचो, हाड मोडल्यावर तुझं कोण ऐकंल? तू म्हणायचास, "तुमी हाव की." आणि तसंच झालं. बूटवाल्या एकाचा पाय बसला आणि तुझा डावा घोटा गेला. तिथल्या दवाखान्यात जायला सांगत होते. तू म्हणालास, माझा मामा बसवील. संगतीच्या पोरांनी दोन काठ्या बांधून तुला मोटारीत घातलं. उमरग्याहून पुढं बैलगाडी.

तुला काहीच माहीत नव्हतं. दारात गाडी थांबली आणि तू गाडीतूनच हाक मारलीस, "मामी, पाणी तापवा. मामाला कामाला लावायचंय."

तुझ्या मामीला माती देऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. पटकीनं गेली, सकाळी उलटी झाली आणि दिवे लागायच्या आत संपली. तुला तार केली होती, ती तिकडं पोचली तेव्हा तू वाटेत होतास. मी दारात आलो. तू माझ्या तोंडाकडं बघितलंस आणि काय ते तुला कळलं. गाडीवान तुझी सतरंजी धरून उभा. मी म्हणालो, पाणी मी तापवतो.

पाणी तापवलं. तेल चोळलं. गंगानं तुझे खांदे धरले आणि मी पाय ओढला. तू ओरडला नाहीस. मला वाटतं मामीच्या नावानं ओरडायचं ठेवलं होतंस ते तसंच आत राहिलं. हाड जाग्यावर आलं तो आवाज मी ओळखतो. उडदाचं पीठ, आंबेहळद यांचा लेप दिला, बांबूच्या कामट्या लावल्या, पट्टी गुंडाळली. तीन गाठी.

आमच्या घरात हाड बसवायचं पिढ्यांचं आहे. त्याचे दोन नेम. एक, कुणाकडून काही घ्यायचं नाही. दुसरा, हाडाबद्दल खोटं बोलायचं नाही. मोडलं असेल तर मोडलं, जुळलं असेल तर जुळलं. पट्टी सोडायच्या दिवशी बसवणारा अंगठ्यानं जोड दाबतो आणि म्हणतो, "झालं. चाल आता." हे त्याच्या तोंडून आल्याशिवाय माणसानं पाय टेकायचा नाही. मग तो आपल्या पायानं उंबरा ओलांडतो आणि नारळ फोडतो. माझ्या बापानं मला हे शिकवलं तेव्हा माझा कान पिरगाळून शिकवलं होतं.

चाळीसाव्या दिवशी गिरणीचं पत्र आलं, उर्दूत. मला ते वाचता येत नाही, तूच वाचून दाखवलंस. पंधरा दिवसांनी मोठे सामने सुरू होतात, तोवर आलास तर जागा तुझी. नाही आलास तर बंगळूरचा एकजण बघून ठेवलाय. पत्र घडी करून तू उशाला ठेवलंस आणि पाय पुढं केलास.

"मामा, सांगा. झाला का पाय?"

मी पट्टी सोडली. अंगठा दाबला. हाड हललं नाही. जोरात दाबला. तुझी पापणीसुद्धा हलली नाही. पाय झाला होता, बसू. झाला होता. मी म्हणालो, "कच्चं हाय अजून. एकवीस दिस धर."

तू माझ्याकडं लई वेळ बघितलंस. मग म्हणालास, "तुमी म्हनताव तसं."

मी परत पट्टी बांधली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पाच वर्षं तू समोर होतास, तुलाही नाही. का बोललो ते विचारशील तर मोठं काही कारण नाही. तू होतास तोवर दुपारी दोन ताटं पडत होती. गंगा तिच्या घरून भाकऱ्या घेऊन यायची, तू ओसरीवर बाजेवर, मी खाली, आणि आपण ऑफसाइडवर भांडत जेवायचो. तू गेलास की एक ताट. ते एक ताट मांडायचं मला होईना. एवढंच. लेकराचा सगळा डाव मी एका ताटासाठी बुडवला.

त्या एकवीस दिवसांत मला शिक्षाही मिळत होती असं मला वाटायचं. दर चार-आठ दिवसांनी लेप बदलायला बसलो की दिसायचं, गाठीचं टोक वर पडलंय. माझी गाठ, आणि उलटी. एकदा झालं, दोनदा झालं. मी मनात म्हणालो, संपलं, हात गेला. बायको गेली तिच्या मागं हातही गेला. हाडाशी खोटं बोललो म्हणून हातानं मला सोडलं. एकविसाव्या दिवशी मी रानातून नारळ घेऊन आलो, तर तू अंगणात चालत होतास. पट्टी कात्रीनं कापून टाकलेली. मी म्हणालो, घाई काय होती, म्या सोडली असती. तू माझ्याकडं न बघता म्हणालास, "ऱ्हाऊ द्या मामा. तुमचे हात थकलेत."

ते मला लागलं. नारळ भिंतीतल्या देवळीत ठेवला तो तिथंच वाळला. त्यानंतर मी कुणाचं हाड बसवलं नाही. सास्तूरहून, कुठून कुठून लोक यायचे, गाडीत कण्हत यायचे, मी दारातून परत पाठवायचो. दुसऱ्याच्या लेकराला लंगडं करायची माझी तयारी नव्हती.

तू पुढच्या साली एकदा गेलास हैदराबादला. तुझ्या जागेवर बंगळूरवाला उभा होता. तुला कुंपणाबाहेर बाकड्यावर बसवलं, दोन महिने. मग तू आलास, ट्रंक आत ठेवलीस आणि दुसऱ्या दिवशी कुळवाला बैल जुंपले. मी विचारलं, परत कधी? तू म्हणालास, तुरीचं रान तयार करायचं हाय. पुढं कुणी विचारलं की तू सांगायचास, हाड मोडलं, खेळ सुटला. लोक मान हलवायचे. मीही त्यांच्यात बसून मान हलवायचो, बसू. हे मी करायचो.

कधी कधी रविवारी लोहाऱ्याच्या माळावर पोरं खेळायची, त्यात तू उतरायचास. मी बघायला यायचो नाही. घोटा चांगला चालताना बघायची मला ताकद नव्हती.

मग हा मुदतीचा ताप. एकोणीस दिवस. लढाईचे दिवस, औषध मिळायची मारामार, उमरग्याचा डॉक्टर दोनदा येऊन गेला. शुद्धीवर असलास की तू हसायचास. बाराव्या-तेराव्या दिवशी तू गंगाकडं हरभरे मागितलेस. तिला वाटलं खायला मागतोस, ती घाबरली. तू वाकळेवर चार दाणे मांडलेस आणि मला म्हणालास, बघा मामा, शेवटचं सांगतो. मी म्हणालो, सांग. तू एक दाणा पुढं सरकवलास, मागं घेतलास, आणि तसाच झोपलास. मला वाटलं, आता सांगावं. पाय झाला होता म्हणून सांगावं. तापात आहे, कळेल का, बरा झाल्यावर सांगू, असं करत मी बसलो. तू तिकडं असतास तर तुला हा ताप आला असता का, हे मी तुझ्या उशाला बसून मोजत होतो, आणि तोंडानं नुसतं पाणी देऊ का विचारत होतो.

दाणे अजून माझ्या बंडीच्या खिशात आहेत. त्यांचं काय करायचं ते कळत नाही.

काल इथवर लिहून ठेवलं होतं. मास्तरांना एवढंच द्यायचं असं ठरवलं होतं. भाच्याचं वाटोळं मामानं केलं, लोकांना कळू दे.

आज सकाळी गंगा आली. डोक्यावर तुझी ट्रंक. मला म्हणाली, "अण्णा, ह्यातलं काय ठेवू, काय टाकू, तुमीच बघा. माझ्यानं बघवंना." ट्रंक उघडली. दोन सदरे, गिरणीच्या रंगाचे. एक तसबीर, अकरा जणांची, तू मधोमध चेंडू धरून, सगळ्यांच्या पायात पट्ट्या. खाली तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मी ते सोडलं.

पट्टी होती. माझीच, तुझ्या मामीच्या जुन्या लुगड्याची फाडलेली. आत कामट्या. उडदाचा लेप वाळून कातड्यासारखा झालेला. कात्रीनं उभी कापलेली, त्यामुळं तिन्ही गाठी जशाच्या तशा.

तिन्ही गाठींची टोकं वर.

मी ती पट्टी मांडीवर घेऊन बसलो. घरातली दोरी आणली आणि चौकटीच्या खुंटीला एक गाठ मारली, डोळे मिटून, हात जसा चालतो तशी. टोक खाली पडलं. दुसरी मारली. खाली. दहा मारल्या असतील. सगळी खाली. गंगा बघत होती. मी तिला विचारलं, ही पट्टी कुणी बांधली?

ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "आता लपवून काय करू. त्यो रोज सोडायचा. तुमी रानात गेलाव की सोडायचा, तुमची चाहूल लागली की बांधायचा. म्या एकदा भाकरी घेऊन आले तर परसात भिंतीवर चेंडू मारत हुता, चिंध्यांचा. म्या म्हनलं, आरं, पाय बरा हाय की तुजा, मग जा की. पत्र आलंय न्हवं."

"काय म्हनला?"

"म्हनला, अव्वा, मामा एकदा चाल म्हनला की जातो. मामा म्हनंना."

ती पुढं म्हणाली, तू तिला सांगितलंस की मामी गेल्यापासून मामा भाकरी मोडून हातात धरून बसतो, मोडका पाय घरात असला की तेवढ्यापुरता तरी उठतो. आणि तिच्याकडून शब्द घेतलास, मला सांगायचं नाही म्हणून. पाच वर्षं तिनं तो पाळला. बहीण माझी, आणि शब्द तुझा.

बसू, मला तुझा राग आला. हे लिहिताना पण आहे. मी खोटं बोललो ते माझं. माझा नेम मी मोडला, त्याची भरपाई म्हणून मी हाडाचं काम सोडलं, पाच वर्षं रोज सकाळी उठून मी त्या खोट्याचं ओझं उचललं. आणि तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक. तू सांगितलं असतंस, मामा, पाय बरा हाय, मी चाललो, तर मी काय केलं असतं? दोन दिवस फुगून बसलो असतो. मग भाकरी खाल्ली असती. खातोच आहे की आता. तुझा खेळ राहिला असता, माझा हात राहिला असता.

आणि तुझी गाठ मला ओळखू येऊ नये? लहानपणी दहादा मी ती सोडून दाखवली होती. मी स्वतः खोटं बोलण्यात गुंतलो होतो, समोरचाही तेच करत असंल हे डोक्यातच आलं नाही. पट्टी आधीच कापलीस आणि माझे हात थकलेत म्हणालास ते गाठी माझ्या नजरेला पडू नयेत म्हणून, आता कळतंय. पण मी ते खरं धरलं, बसू. किती माणसं दारातून लंगडत परत गेली.

तू कशाला ठेवलीस ही पट्टी? कधीतरी काढून समोर टाकणार होतास का? हसणार होतास? हे विचारायला आता तू नाहीस, आणि उत्तर मी मनानं बनवायला लागलो तर ते माझ्या सोयीचंच बनंल. म्हणून बनवत नाही.

एवढं कळतं की तू मला एकटं सोडून गेला नाहीस. पाय धड असून तू बाजेवर पडून राहिलास, तुझ्यासारखा पळणारा माणूस. माझ्यासाठी आजवर कुणी एवढं केलेलं नाही, आणि हे तू करायला नको होतंस. दोन्ही एकाच वेळी मला वाटतं. त्यांची वाटणी करायला जमत नाही.

दुपारी सास्तूरकडची एक बाई आली, नवऱ्याला घेऊन. गाडीवरून पडला, मनगट निखळलं. तिला सांगितलं होतं म्हणे, म्हातारा आता करत नाही, तरी आली. मी दारात उभा राहिलो. मग म्हणालो, बसव त्याला ओसरीवर. मनगट जाग्यावर आलं. पट्टी बांधली, गाठ मारली. टोक खाली.

त्यांना पाठवून मी देवळीतला नारळ काढला. आतलं पाणी कधीच आटलेलं, हलवलं की खुळखुळ वाजत होता. तो घेऊन तुझ्याकडं आलो. गंगानं मातीवर बेलाची पानं ठेवली होती, ती सुकली आहेत. तू आत मांडी घालून बसला आहेस, डावा पाय वर की उजवा ते मला ठाऊक आहे, मीच घातला. खिशातले हरभरे काढून मातीत लावले. उगवले तर उगवले.

नारळ दगडावर फोडला. एका दणक्यात फुटला नाही, तीन लागले. मग मी खाली बसलो आणि अंदाजानं, तुझा घोटा असेल तिथं, मातीवर अंगठा दाबला.

झालं, बसू. चाल आता.